रेषेबाहेर बसणारी माणसं

नरहरी: प्रणव झोपलाय. मघापासून सांगतोय तुला.

कुंदन: उठेपर्यंत थांबतो, काका.

नरहरी: उठला तरी भेटणार नाय. मुरब्याहून खाडी उतरून केळवे-माहीमला यायचं कुणी सांगितलं होतं तुला?

कुंदन: कुणी नाय सांगितलं. आईने पापलेटं दिलीत. कुठं ठेवू?

नरहरी: हिराबाईने दिलीत म्हणून घेतो. तिथं ओट्यावर ठेव, वर टोपली झाक, मांजर फिरतंय. आणि नीघ आता. विड्याची पानं लावायचीत मला, संध्याकाळच्या गाडीला गेली पायजेत.

कुंदन: मी लावू लागतो.

नरहरी: तुझ्या हातांचं काम नाय ते. तुझ्या हातांनी काय होतं ते रोज बघतोय मी. सकाळी त्याला खाटेवरून खुर्चीत घेतो, दुपारी खुर्चीतून खाटेवर. एवढी वाडी हाय, नारळ हाय, केळी हाय, पण त्याला कुठं नेता येत नाय. रेतीत चाक रुततं. विहिरीपर्यंत सुपारीच्या फळ्या टाकल्यात मी. तेवढ्यावरच फिरतो, पुढं गेला आणि मागं आला. हाच पोरगा चढाईला गेला की समोरचे सातजण मागं सरकायचे.

कुंदन: माहीत हाय, काका. मी पण सरकायचो.

नरहरी: त्या दिवशी नाय सरकलास.

कुंदन: नाय.

नरहरी: तुझं अपील हाय ना मंगळवारी? पेपरात वाचलं. म्हणून आलास. लीगने दोन सीझनची बंदी घातली ती तुला जड झाली. मला विचारलं असतं तर मी जन्माची घातली असती.

कुंदन: बंदी राहू दे.

नरहरी: राहू दे म्हणजे?

कुंदन: बंदीचं मागायला नाय आलो. निकालात लिहिलंय, मी प्रणवला मुद्दाम जखमी केला. जाणूनबुजून. तेवढं काढा म्हणून वकिलाने अपील टाकलंय. बोटीवर जातो आता मी. पाच माणसं एक जाळं ओढतो. त्यातला एक मला परवा म्हणाला, कुंदन, तू माझ्या मागं उभा नको राहूस. मस्करीत म्हणाला. सगळे हसले, मी पण हसलो. मग घरी येऊन जेवलो नाय.

नरहरी: तो ‘मुद्दाम’ शब्द आधी माझ्या तोंडातून गेला. हॉस्पिटलच्या जिन्यात कुणीतरी तोंडासमोर माईक धरला. मी म्हटलं, ह्या पोराने माझ्या पोराला मुद्दाम मारला. मग टीव्हीवर तेच, पेपरात तेच, निकालात पण तेच.

कुंदन: मी ऐकलं होतं.

नरहरी: आणि?

कुंदन: आणि काय? तुमचा मुलगा आत होता.

नरहरी: मला समजूतदारपणा नको दाखवू. भांडायला आला असतास तर बरं झालं असतं.

कुंदन: भांडतो मग. तुमी तीस वर्षं पंच होता. मुरब्याला, सातपाटीला, केळव्याला, सगळीकडे शिट्टी तुमची. तुमीच सांगा, खांद्याने त्याला रेषेबाहेर उडवला, तो डॅश नियमात होता का नव्हता?

नरहरी: विचारू नको ते.

कुंदन: सांगा ना, काका.

नरहरी: नियमात होता. खांद्याने मारलास, छातीवर मारलास, पाय उचलला नाहीस. मी असतो तर गुण दिला असता तुझ्या संघाला. झालं समाधान?

कुंदन: नाय. त्याच आठवड्यात दुसऱ्या संघातल्या एकाने असाच डॅश मारला. तो चढाईवाला उठला, अंग झटकलं आणि खेळला. तो डॅश टीव्हीवर तीनतीनदा दाखवला, वर ढोल लावून. माझे पण दाखवायचे. मुरब्याची भिंत म्हणायचे मला. समोरचा उठला तर टाळ्या, नाय उठला तर बंदी. डॅश तर तोच असतो. मग त्यांनी मोजलं काय?

नरहरी: काय मोजायचं होतं? तुझ्या मनात काय होतं ते? कुणाला दिसतं ते? माझा पोरगा उठला नाय ते सगळ्यांना दिसलं. पंच होतो तेव्हा मीच सांगायचो लोकांना, हा कबड्डीचा खेळ हाय, कॅरम नाय. गुडघा फुटला, हळद लावा आणि आत या. कुणाची आई ओरडत आली तर तिला बाजूला बसवायचो. आता ते सगळं बोललेलं मला चावतं. मी बाप हाय, कुंदन. मी तेच मोजणार, तो उठला की नाय.

(आतून चाकांचा आवाज. प्रणव खुर्ची ढकलत दारात येतो.)

प्रणव: तुम्ही दोघं इतक्या हळू बोलताय की विहिरीपर्यंत ऐकू जातंय. ये कुंदन. बाबा, खुर्ची द्या त्याला.

नरहरी: तू झोपला होतास ना?

प्रणव: पापलेटच्या वासावर कुणाला झोप लागते? बस रे. आणि माझ्या पायांकडे बघू नकोस. सगळे तिथेच बघतात. ते काही बोलत नाहीत, मी बोलतो.

कुंदन: बरा हायस?

प्रणव: हात बरे आहेत. डाव्या पायाचा अंगठा हलतो कधीकधी. डॉक्टर म्हणतात, चांगलं आहे. बाबा त्या अंगठ्याकडे टक लावून बसतात, मासा गळाला लागतोय का बघावं तसे. तू खेळतोस का? बंदी लीगची आहे, गावात तर खेळता येतं.

कुंदन: परवा गेलो होतो किनाऱ्यावर. पोरांनी ओढून नेलं. आमच्या आळीतला धीरज चढाईला आला. डॅश घ्यायचा होता मला, अगदी सोपा. पुढं झालो आणि आधी त्याच्या मागं बघितलं, कोण बसलंय का. तेवढ्यात तो मला शिवून गेला. परत तसंच झालं. मग मीच बाहेर येऊन बसलो.

प्रणव: मागे कोण बसलं होतं?

कुंदन: माझे बाबाच. त्यांच्या जागेवर.

प्रणव: बाबा, तुम्हाला मुरब्याचं मैदान आठवतं ना?

नरहरी: न आठवायला काय झालं? डोकं फिरवायचे ते लोक. रेषेला लागून बसायचे. शिट्टी वाजवून मागं सरकवायचो, पाठ वळली की पुन्हा पुढं. ह्याचा बाप, एकनाथ, तो तर रेषेवरच मांडी घालून. एकदा मी चिडलो. तर मला म्हणाला, पंच, आतलं तुमी बघा, बाहेरचं आमी बघतो.

प्रणव: आणि बघायचे.

नरहरी: बघायचे. ते कबूल. पोरगा बाहेर उडाला की चार हात वर. जमिनीला लागू द्यायचे नाय. स्वतःच्या गावचा असो, नायतर आमच्या माहीमचा. आमी पण बसायला लागलो मग तसे. केळव्याला पण तीच पद्धत पडली.

प्रणव: मी किती वेळा एकनाथकाकांच्या मांडीत जाऊन पडलोय. ह्याच्याच डॅशने. सुक्या बोंबलाचा वास यायचा त्यांच्या शर्टाला. मला सोडायचे नाहीत लगेच. म्हणायचे, बस जरा, दमलास, माझा पोरगा कुठं पळून जातोय. आऊट झालेला असायचो आणि तिथे मांडीत बसून ह्याचा खेळ बघायचो.

कुंदन: मला राग यायचा त्याचा. मला कधी नाय घेतलं असं मांडीत.

प्रणव: कुंदन, तू काय विचारायला आलास ते ऐकलं मी. तू मुद्दाम मारलंस का, हे मला माहीत आहे का, हेच ना?

कुंदन: हां.

प्रणव: मग ऐक. बाबा, तुम्ही पण ऐका, पानं ठेवा खाली. त्या दिवशी मी गुण घेऊन मागे वळलो होतो. तू येताना दिसलास. वाचता येणार नव्हतं, ते कळलं. दुसरा कुणी असता ना, मी अंग आवळलं असतं, हनुवटी आत घेतली असती, खांद्यावर लोळलो असतो. लीगमध्ये गेल्यावर पहिल्या दिवसापासून तेच शिकवलं आम्हाला. मला येतं ते. पण तुझा खांदा लागला. लहानपणापासून तोच खांदा खातोय मी. तो लागला आणि अंगाला वाटलं, मुरब्यात आहोत. मी सगळं सैल सोडून दिलं. मागे एकनाथकाका असणार.

कुंदन: प्रणव.

प्रणव: मागे जाहिरातीची फळी होती. दिव्यांची. पाठीने तिच्यावर आपटलो तरी ती चालूच होती.

नरहरी: हे तू मला एकदाही बोलला नाहीस.

प्रणव: तुम्हाला कुणावर तरी चिडायचं होतं, बाबा. रात्रीअपरात्री उठून मला कुशीवर वळवत होतात, माझी घाण काढत होतात. तो राग होता म्हणून तुम्ही उभे होतात. तो काढून घेतला असता तर तुम्ही कशाच्या जोरावर उठला असतात?

नरहरी: माझं मी बघितलं असतं.

कुंदन: मग माझं पण ऐका. मी पण तेच केलं. धावत आलो तेव्हा प्रणवच्या मागं कुणी नाय, हे डोक्यात आलंच नाय माझ्या. लहानपणापासून रेषेबाहेर माणसं होती. एवढ्या जोरात मारायला शिकलो तो त्यांच्याच भरवशावर. तिथं लीगमध्ये मागं दिवे आणि कॅमेरे, आणि मी मुरब्यातल्यासारखा मारला. मुद्दाम नाय मारला. पण बघायला पायजे होतं मी. मारणाऱ्याने बघायचं असतं.

प्रणव: हो. बघायला हवं होतंस.

कुंदन: तू तसं म्हणालास ते बरं झालं. सगळे म्हणतात, तुझी काय चूक.

प्रणव: मंगळवारी ते मला फोनवर घेणार आहेत. मी सांगेन, मुद्दाम नव्हतं. कितीही वेळा विचारलं तरी तेच सांगेन. पण बंदी कमी करा, हे माझ्याच्याने म्हणवणार नाय. वाईट वाटून घेऊ नकोस. तू परत टीव्हीवर दिसलास, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तर मला बघवणार नाय रे. शिक्षा जास्त आहे हे मला पण पटतं. पण म्हणवत नाय.

कुंदन: मी तेवढंच मागायला आलो होतो. पुढचं नको मला.

प्रणव: खरंच नको?

कुंदन: खेळावंसं वाटतं. रोज वाटतं. खोटं कशाला बोलू? पण मागं बघून खेळणारा बचाववाला कुणाला पायजे? त्यांनी बंदी उठवली तरी माझं अंग उठवणार नाय.

नरहरी: निकालातून तो ‘मुद्दाम’ शब्द गेला पायजे. मी पण बोलतो मंगळवारी. ज्याने माईक धरला होता त्याला बोलवा म्हणावं परत. नाय आला तर मी जातो मुंबईला.

प्रणव: तुम्ही कुठे जाताय, बाबा? मला कोण उचलणार?

नरहरी: ते पण हाय.

कुंदन: मी येतो, काका. तुमी म्हणाल तेव्हा. पण तुमी मघाशी म्हणालात, माझ्या हातांचं काम नाय.

नरहरी: म्हणालो. अजून नाय जमणार मला ते. तुझा हात त्याच्या पाठीखाली गेलेला मला आज नाय बघवणार. पुढं बघू. एकनाथ का नाय आला कधी? इतके महिने झाले, हिराबाई येऊन गेली, तुमच्या आळीतली माणसं येऊन गेली. तो नाय आला. मी म्हटलं, पोराची बाजू घेऊन बसलाय.

कुंदन: बाजू नाय घेतली त्यांनी. माझ्याशी पण बोलत नाय फारसे. त्या दिवशी घरी टीव्ही लावला होता, सगळी आळी जमली होती, लाडू वाटले होते. आमी दोघं समोरासमोर म्हणून. बाबा पुढंच बसले होते, खाली, चटईवर. प्रणव उडाला तेव्हा त्यांनी दोन्ही हात पुढं केले. टीव्हीकडे. आई सांगते, कुणीतरी टीव्ही बंद केला, बायका रडायला लागल्या, तरी हात तसेच. तिने धरून खाली घेतले. आता मैदानावर जाऊन बसतात रोज. खेळ असो नसो. माहीमला चला म्हटलं तर म्हणतात, कुठल्या तोंडाने जाऊ, माझ्या जागेवर मी नव्हतो.

प्रणव: काका असं म्हणाले?

कुंदन: हां.

नरहरी: वेडा हाय तो.

कुंदन: येतो मी, काका. अंधार व्हायच्या आत खाडी उतरायचीय.

नरहरी: थांब. ही पानं घेऊन जा, हिराबाईला दे. आणि एकनाथला सांग, नरहरीने बोलावलंय. उद्या सकाळी ये म्हणावं. ह्याला उचलायला मी एकटा पुरत नाय.