दारातली लोखंडी पट्टी आणि मुकी गौर

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो, आणि उत्तर मनातल्या मनात द्यायचं. मोठ्यानं द्याल तर खोटं द्याल! प्रश्न असा — देव तुमच्या दारात आला. खरोखरचा! पावसातून, चिखलातून, भिजत आला. तुमच्या तोंडून पहिला शब्द कोणता बाहेर पडेल?

'या!' — असं म्हणालात ना मनात? सगळे म्हणालात! काय भाविक मंडळी आहेत हो! पेटीवाले, बघा बघा, एकसुद्धा अपवाद नाही! बरं. मग आता भास्करराव खांबेट्यांची गोष्ट ऐका. तेही असंच म्हणाले असते.

हे भास्करराव कोण? कोकणातल्या एका लहानशा गावातले. पुण्याला कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. निवृत्त झाले, आणि गावाचं भाग्य उजाडलं — परत आले! परत आले ते घर बांधायला. घर कसं? आत सगळीकडे पांढरीशुभ्र फरशी! कोकणात! जिथली माती तांबडी, पाऊस चार-चार महिने, आणि अंगणातून तुळशीपर्यंत जाऊन आलं तरी पाय कुंकवात बुडवल्यासारखे होतात, तिथे पांढरी फरशी! अहो, तोंडाला काळं फासून दुधाच्या पातेल्यात बघावं तसला हा उद्योग. पण सांगणार कोण? हुद्दा मोठा होता ना!

मग फरशी राखायची कशी? तर साहेबांच्या — त्यांच्या वरच्या साहेबांच्या — संगतीनं ते एकदा थंड हवेच्या ठिकाणी गेले होते. तिथे एका जुन्या बंगल्याच्या दारात त्यांनी पाहिलं. दगडात पुरलेले दोन लोखंडी खुंट आणि त्यांच्यामध्ये आडवी उभ्या धारेची पट्टी. बुटाचा तळ त्या पट्टीवर घासायचा, चिखल खाली पडतो. झालं! भास्करराव हरखले. लोहारासमोर दोन दिवस उभे राहून तश्शी पट्टी करून घेतली, चंदेरी रंग दिला, आणि पायरीशेजारी पुरली.

गावानं बघितलं. एक म्हातारी म्हणाली, "अरे, खांबेट्यांनी विळी अंगणात का रे पुरली?" दुसरी म्हणाली, "नारळ इथंच खवायचे असतील!" हसू नका! भास्कररावांना फार लागलं ते. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. गावंढळ लोक, म्हणाले. स्वच्छता म्हणजे काय, ठाऊक नाही.

आता मंडळी, मला सांगा. आपण घरात वहाणा घालून जातो का? नाही! वहाणा बाहेर. पाय धुवायचे. मग आत. आपल्याकडे चिखल पायाचा, तो पाण्यानं जातो. पट्टी ती कुणासाठी? जो बुटासकट पलंगापर्यंत जातो, त्याच्यासाठी! पण नाही. भास्कररावांचा नियम — आधी पट्टीवर वहाण घासा, मग वहाण काढा, मग नळावर पाय धुवा, मग पायपुसण्यावर उभे राहा, मग आत. तोवर माणूस विसरायचा, आपण आलो कशाला होतो!

पोस्टमन फाटकावरून पत्र टाकू लागला. दूधवाला फाटकाबाहेर भांडं मागू लागला. आणि गणपतीत तर काय झालं! वाडीतली मंडळी आरती करत घरोघर फिरतात. मृदुंग गळ्यात, झांजा हातात, आणि पाय ढोपरापर्यंत तांबडे. भास्करराव दारात आडवे! "एकेक जण या, रांगेनं, पट्टीवरून!" मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं आणि अंगणातच आरती उरकली. गणपती आत, आरती बाहेर! प्रसाद खिडकीतून! भास्करराव फरशीकडे बघून म्हणाले, "बघ इंदू, एक डाग नाही."

इंदू म्हणजे त्यांची बायको, इंदुमतीबाई. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या नाहीत म्हणजे पटलं, असं समजणारे नवरे इथे किती बसलेत? असू द्या, हात वर करू नका!

इंदुमतीबाईंच्या मनात एकच होतं. परवा गौर यायची होती. मुलाचं लग्न वैशाखात झालेलं, नवी सून शर्वरी, आणि या वर्षी पहिल्यांदा गौर तिच्या हातानं यायची होती. खांबेट्यांकडे खड्यांची गौर. सुनेनं पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर जायचं, वाहत्या पाण्यातले खडे वेचायचे, तबकात घ्यायचे, वर वस्त्र झाकायचं, आणि अनवाणी घरी यायचं. वाटेत बोलायचं नाही. चुकून शब्द निघू नये म्हणून तोंडात पाण्याची चूळ धरायची! मागं वळून बघायचं नाही. तबक कुठे खाली टेकायचं नाही. आणि जिथं गौर एकदा बसली, तिथून विसर्जनापर्यंत हलवायची नाही.

सासूनं सुनेला जवळ घेऊन सांगितलं, "हातात तबक आलं की तू शर्वरी नाहीस हो. तू गौर. मी दारात दूधपाणी घेऊन उभी असेन. मी पाय धुवेन, मी 'ये' म्हणेन, मगच उंबरा ओलांड." पोर म्हणाली, "आई, चुकणार नाही." शहरातली पोर! पण मनापासून म्हणाली.

दिवस उजाडला. पाऊस असा, की पलीकडचं झाड दिसेना! आणि त्याच दिवशी, त्याच वेळी पुण्याहून कोण आलं? साहेब! तेच वरचे साहेब! भास्कररावांना अस्मान ठेंगणं झालं. गौर विसरले, पूजा विसरले. साहेबांना घेऊन थेट पट्टीपाशी! "हे बघा साहेब, तुमच्यासोबत पाहिलं होतं. इथं दारात एकही माणूस चिखल आणू शकत नाही." साहेबांनी बूट घासला. ख्यॅट! ख्यॅट! भास्कररावांच्या कानाला तो आवाज सनईसारखा लागला.

इंदुमतीबाई स्वयंपाकघरात. दूध उतू जाऊ नये म्हणून चुलीपाशी. आणि अंगणात — आली!

काठाची नवी साडी भिजून चिप्प. केसांतून पाणी गळतंय. पाय घोट्यापर्यंत तांबडे. दोन्ही हातांत तबक. गाल फुगलेले, कारण तोंडात चूळ. पायरीपाशी येऊन उभी राहिली आणि दारात सासू दिसते का बघू लागली. सासू नव्हती. सासरे होते!

"थांब!" भास्करराव ओरडले. "पाय! आधी पट्टी!"

पोर बोलणार कशी?

"ऐकू येत नाही का? साहेब उभे आहेत. पट्टीवर पाय घास."

अनवाणी पाय हो! लोखंडाच्या धारेवर! पोरीनं मान हलवली. डोळ्यांनी सांगितलं — बाबा, हातात बघा काय आहे! पण भास्कररावांना हात दिसेनात, त्यांना पायच दिसत होते. साहेबांसमोर सून मान हलवून नाही म्हणते! त्यांचा चेहरा लाल झाला.

"मुकी आहेस का?"

अरे गाढवा! — माफ करा मंडळी, पण दुसरा शब्द नाही. मुकीच असते ती! तुझ्या आईनं अशीच मुक्यानं गौर आणली, तुझ्या बायकोनं पंचवीस-तीस वर्षं आणली. तू त्याच घराण्यात वाढलास, आणि विचारतोस, मुकी आहेस का?

साहेबसुद्धा म्हणाले, "राहू द्या हो, खांबेटे." तर हे म्हणतात कसे, "नाही साहेब, नियम म्हणजे नियम!"

पोरीनं काय केलं? सासऱ्याचा शब्द मोडू नये म्हणून एक पाय उचलला आणि पट्टीवर टेकला. दोन्ही हात तबकाला. धरणार कशाला? घसरली! अंगठा चिरला. तबकात खडे वाजले, पण एक खाली पडू दिला नाही तिनं. आता पायाला चिखल होता, त्यात रक्त आलं.

आणि भास्करराव म्हणाले, "तशी आत यायचं नाही!"

झालं, मंडळी. गौरीला सांगितलं, आत यायचं नाही. शब्द गेला तोंडातून. आता ती काय करणार? तबक खाली ठेवायचं नाही. मागं फिरायचं नाही. उभं राहायला सोय नाही. पोरीचे डोळे भरले. ती तशीच बाजूनं पुढे चालू लागली. पडवीच्या कडेनं, मागच्या पायऱ्या उतरून, पाखाडीच्या उतरत्या वाटेनं खाली.

खाली जनाबाई कुळ्यांचं घर. कौलारू, शेणानं सारवलेलं. जनाबाईंच्या पोरी तेरड्याची गौर आणायला माळावर गेलेल्या. म्हणून ती दारात पाण्याचा तांब्या घेऊन वाट बघत उभी. बघते तर पोरींच्या आधी दुसरीच कोण आली! भिजलेली, लंगडत, हातात तबक, तोंड मिटलेलं. जनाबाईंनी विचारलं नाही, कुठून आलीस. विचारलं नाही, कुणाची गौर. विचारलं नाही, आमच्या घरात कशी! एकच शब्द!

"ये गो माजे बाय, ये!"

आणि मग पाणी. आधी 'ये', मग पाणी! चिखल धुतला, रक्त धुतलं, पायाला कुंकू लावलं. पोर उंबरा ओलांडून आत गेली. तबक पाटावर ठेवलं. मगच चूळ तुळशीत टाकली, आणि जनाबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडली.

वर इंदुमतीबाई दूधपाणी घेऊन बाहेर आल्या. "गौर कुठाय?"

"पाय धुवायला गेली असेल," भास्करराव म्हणाले.

तेवढ्यात खालून थाळी वाजली. माळावरून परतलेल्या पोरी ओरडल्या, "गौर आली! दोन-दोन गौरी आल्या!" इंदुमतीबाईंनी पट्टीकडे पाहिलं. धारेवर रक्त होतं. सगळं समजलं. आत गेल्या, पूजेचं ताट, नैवेद्याचे डबे, सगळं घेऊन बाहेर आल्या.

"अगं, कुठे चाललीस?"

"माझी गौर जिथं बसली तिथं," त्या म्हणाल्या. "तुमची फरशी सांभाळा."

पाठोपाठ मुलगाही गेला. आणि साहेब? साहेबांनी खालच्या घराकडे पाहिलं. मग म्हणाले, "खांबेटे, जेवण खालीच आहे ना?" आणि तेही गेले! बूट हातात धरून!

राहिले कोण? भास्करराव. आणि फरशी. एक डाग नाही!

दुपार गेली. खालून हसण्याचे, गाण्याचे आवाज येत होते. भास्कररावांनी फरशीवरून चार फेऱ्या मारल्या. चकचकीत फरशीत स्वतःचंच तोंड दिसायचं, आणि ते बघवेना. कळलं होतं हो सगळं! तबक कळलं, चूळ कळली, आईची आठवण झाली. पण जायचं कसं? कुठल्या तोंडानं? दिवे लागायच्या वेळेला निघाले. पाखाडीवरच्या चिखलात बूट रुतला, काढून हातात घेतला. दुसराही काढला. ढोपरापर्यंत तांबडे होऊन जनाबाईंच्या दारात उभे राहिले, आणि सवयीनं इकडे तिकडे शोधू लागले, पाय कुठे घासू!

काही नव्हतं तिथं. आतून सुनेनं पाहिलं. बायकोनं पाहिलं. भास्कररावांना बोलायचं होतं, पण घशातून आवाज निघेना. आता सांगा, मुकं कोण झालं?

जनाबाई तांब्या घेऊन पुढे आली. "या भास्करदादा, या! भायेर का उबे?"

आधी 'या'. मग पाणी.

तुम्हाला वाटतंय, बुवा आता सांगणार, त्यांनी पट्टी उपटून फेकली आणि ते संत झाले! छट्! माणूस इतका स्वस्त बदलत नाही. पट्टी तिथंच आहे. इंदुमतीबाई तिच्यावर फरशी पुसायचं फडकं वाळत घालतात. एवढंच, की दर वर्षी गौर येते तेव्हा दूधपाण्याचा तांब्या भास्कररावांच्या हातात असतो, आणि सून अंगणात दिसण्याआधीच ते ओरडू लागतात, "ये, ये, ये!" लोक हसतात. हसू देत.

पण तुम्ही का हसताय? तुमच्या दारात पट्टी नाही म्हणून? आहे! लोखंडाची नाही एवढंच. दार किलकिलं करून 'काय पाहिजे?' विचारता ना, ती पट्टी. 'कुठले तुम्ही? कुणापैकी?' विचारता, ती पट्टी. किती जणांचे अंगठे चिरले असतील त्यावर!

खोटं वाटतंय? मग मागं वळून बघा! या देवळाला यंदा नवी फरशी बसवली ना? गोष्ट सुरू झाल्यापासून त्या बाई दाराशी भिजत उभ्या आहेत. पाय चिखलाचे, म्हणून आत पाऊल टाकत नाहीत. मी इथून बघतोय. तुम्ही इतके जण दाराशी बसलात, देव दारात आला तर 'या' म्हणणारे! एकानं तरी म्हटलं?

टाळ थांबवा. सरका तिकडे, जागा करा. कुणीतरी तांब्या आणा. — या माऊली, या, आत या! — त्या बसू देत. मग देवाचं नाव घेऊ. त्याआधी घेतलंत, तर ते त्याला पोचायचं नाही.