वाचून ऐकवले, खरे आहे

आप्पा: ते टाळ खुंटीला लाव आणि ये, अशी माझ्याजवळ बस. आणखी जवळ. तू विचारलंस त्याचं उत्तर एका वाक्यात मावणारं नाही, त्याची गोष्ट आहे. आज मी तुला ती पहिल्यापासून सांगणार.

योगिता: आप्पा, मी एवढंच विचारलं की काल कीर्तनात बायकांनी सरलाबाईंना सतरंजीवरून का उठवलं. त्यात पहिल्यापासून काय सांगायचं? मला अकराच्या आत कोर्टात पोचायचंय.

आप्पा: मलाही पोचायचंय. पण आमचे बुवा पूर्वरंग झाल्याशिवाय कथेला हात घालत नाहीत, मीही घालणार नाही.

योगिता: पूर्वरंग म्हणजे टाइपरायटर. कॉम्प्युटर आला, तुम्हाला रेकॉर्ड रूममध्ये धाडलं आणि तुमचं राज्य बुडालं. पाठ आहे मला.

आप्पा: राज्य कसलं? एक खुर्ची होती, जज्जसाहेबांच्या डाव्या हाताला. बावीस वर्षं तिच्यावर बसलो. साक्षीदार बोलायचा, साहेब त्याचं कोर्टाच्या गुजरातीत करून सांगायचे, मी वहीत शॉर्टहँड घ्यायचो आणि मग टाइप. तीन कार्बन लावून. एक अक्षर चुकलं तर चारी कागदांवर खोडा.

योगिता: आणि घरी आलात की आई गरम पाण्याचं पातेलं पुढे ठेवायची, बोटं बुडवायला. तेही पाठ आहे.

आप्पा: साक्षीची शेवटची ओळ पाठ आहे?

योगिता: 'वांची संभळाव्युं, खरुं छे.' रोज दहा वेळा छापते की.

आप्पा: तू छापतेस. मी टाइप करायचो. त्याआधी साक्षीदाराला सगळं वाचून ऐकवायचो. इथल्या लिंबायत-नवागामच्या वस्तीतला आपला खानदेशी माणूस असला की गुजराती बाजूला, सरळ अहिराणीत. मला कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. पण त्यानं मान हलवेपर्यंत ती ओळ कागदावर उतरली नाही. एकदा एक म्हातारी म्हणाली, 'भाऊ, मी आसं नही बोलनू.' साहेब घड्याळ बघतायत, वकील खोकतायत. मी पान ओढून काढलं, चारी प्रती फाडल्या आणि नवा कागद चढवला.

योगिता: आता ती ओळ फॉरमॅटमध्येच असते, आप्पा. साक्षीची फाइल उघडली की खाली आपोआप येते.

आप्पा: म्हणजे माणसानं तोंड उघडायच्या आधीच लिहून तयार की, त्याला वाचून ऐकवलं आणि ते खरं आहे. झाला पूर्वरंग. आता कथा. मगन मुकादमाची केस आठवते?

योगिता: लूमच्या कारखान्यातली ना? संध्याकाळी अंधार पडल्यावर लाईट गेली, भांडण झालं, कुणीतरी मुकादमाच्या डोक्यात लोखंडी दांडा घातला. त्यात त्या लखनला सात वर्षं लागली. आमच्याच कोर्टातली केस.

आप्पा: लखनला शिक्षा कशावर लागली?

योगिता: साक्षींवर. बळीराम म्हणून एक होता. पण त्याचं आणि लखनचं आधीचं वैर निघालं, म्हणून साहेबांनी निकालात त्याच्यावर भर दिला नाही. आणि दुसरी... दुसरी त्याच कारखान्यातली सरलाबाई. आत्ता कळलं. म्हणून लखनच्या आईनं काल त्यांना उठवलं.

आप्पा: उषाबाई म्हणाली, 'मन्हा पोऱ्याले खाईसन देवनं नाव ऐकाले बठनी का?' सगळ्या बायकांनी पदर आवरून घेतले, जणू विटाळ झाला. बुवांची वीणा थांबली. मी पखवाजाशेजारी बसलो होतो, योगे. उठलो नाही.

योगिता: पण सरलाबाईंनी लखनला पाहिलं होतं. तसं सांगितलं त्यांनी.

आप्पा: तू ऐकलंस?

योगिता: ऐकलंच असेल. दिवसाला सहा-सहा साक्षी होतात, आप्पा. कानातून बोटांत जातं, डोक्यात थांबत नाही.

आप्पा: त्या दिवशी कोर्टातही लाईट गेली होती.

योगिता: ...हो. साहेबांचं सांगून झालं आणि बत्ती गुल. माझं सगळं उडालं. सेव्ह केलं नव्हतं. साहेब चेंबरमध्ये निघून गेले होते.

आप्पा: मग?

योगिता: मग काय! लाईट आल्यावर बळीरामची फाइल उघडली. कारखाना तोच, दिवस तोच, पत्ता तोच. नाव बदललं, वय बदललं, 'गयो हतो'चं 'गई हती' केलं. मधलं जेवढं आठवलं तेवढं घातलं. सगळे असंच करतात, आप्पा. साहेबच म्हणतात, 'बेन, जल्दी करो.' परत जाऊन 'साहेब, पुन्हा सांगा' म्हणायला मला... थांबा. तुम्ही असं का बघताय?

आप्पा: बळीरामच्या साक्षीत खालून तिसरी ओळ होती. 'आरोपीने में नजरे जोयो, हुं ओळखुं छुं.' आरोपीला मी डोळ्यांनी पाहिलं, मी ओळखतो.

योगिता: ती मी काढली असणार.

आप्पा: ती राहिली.

योगिता: नाही, आप्पा.

आप्पा: निकाल लागल्यावर केस आमच्या रेकॉर्ड रूममध्ये बांधायला आली. ती ओळ मी चार वेळा वाचली. तुझं इंक्रीमेंट नाही, तुझं लग्न नाही, त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर ती एकच ओळ आहे.

योगिता: पण वकील होता ना लखनचा!

आप्पा: सरकारनं दिलेला. त्यानं साक्षीची नक्कल वाचली ती निकालानंतर. आणि साहेबांनी निकाल लिहिला तो कागद बघून. 

योगिता: आणि तुम्हाला काय माहीत सरलाबाई खरं काय बोलल्या ते? तुम्ही तर तेव्हा रेकॉर्डला होतात.

आप्पा: गठ्ठे द्यायला आलो होतो. मागच्या बाकावर टेकलो. आता तुला सांगतो ते मी देवळातही बोललो नाही. पोरगी माझ्या खुर्चीवर बसली म्हणून मी गल्लीत पेढे वाटले. पण आत जळत होतो. तुझ्यावर नाही ग, त्या कॉम्प्युटरच्या डब्यावर. बावीस वर्षं मी जे केलं, ते त्याला येत नाही, हे कुणाला तरी दिसावं असं वाटायचं. हाताला सवय, खिशात वही. सरलाबाई बोलत होती तसं मी उतरवून घेतलं, तिच्याच शब्दांत. मग लाईट गेली. तू घाबरलेली मला दिसलीस. छपाई झाली, शिपायानं दारातच तिचा अंगठा घेतला. तिला कारखान्यातली पाळी गाठायची होती. ती माझ्याकडे बघत होती, योगे. बाकी कुणाकडे नाही. तिला वाटलं, आता आप्पा उठतील आणि वाचून दाखवतील. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, आप्पा वाचून दाखवतात.

योगिता: आणि तुम्ही?

आप्पा: मी मनात म्हटलं, आता यंत्र आलंय ना, वाचू दे त्यालाच. आणि गठ्ठा उचलून बाहेर पडलो.

योगिता: तुम्ही एक हाक मारायची होतीत मला.

आप्पा: हो.

योगिता: 'योगे, चुकतेस' एवढंच म्हणायचं होतंत. माझी चूक झाली, ती घाईत झाली. तुमची तर...

आप्पा: माझी ठरवून झाली. बोल, बोल. आठ महिने कुणीतरी हे बोलावं म्हणून मी थांबलोय.

योगिता: आठ महिने! लखन आत आहे आणि तुम्ही एकादशीला टाळ कुटताय!

आप्पा: पहिले दोन महिने मला ठाऊकच नव्हतं. कळलं तेव्हा तुझी कायम होण्याची ऑर्डर निघायची होती. म्हटलं, ऑर्डर येऊ दे. ती आली नाही आणि मी गप्पच राहिलो. परवा लखनच्या अपिलाच्या वकिलाला गुपचूप वही दाखवली. तो म्हणाला, 'काका, ही तुमची खाजगी वही. कोर्टाच्या कागदावर अंगठा आहे आणि खाली लिहिलंय, वाचून ऐकवलं. कॉम्प्युटरवर बसणाऱ्यानं स्वतः लिहून दिलं तर काही होईल.' मी तुझं नाव सांगितलं नाही.

योगिता: लिहून दिलं तर मला काढतील.

आप्पा: काढतील.

योगिता: निदान खोटं तरी बोला, आप्पा. म्हणा, नाही काढणार.

आप्पा: आता नको.

योगिता: सरलाबाईंना तरी सांगितलंत? त्यांना माहीत आहे का की त्या खोटं बोलल्या नाहीत?

आप्पा: तिला वाटतंय, तिनं खरं सांगितलं म्हणूनच लखनला शिक्षा झाली. ते कसं, एवढंच तिला कळत नाही. आज पहाटे वही घेऊन तिच्या खोलीवर गेलो. कुलूप. शेजारीण म्हणाली, गाठोडं बांधून गावी निघाली, परत येणार नाही. स्टेशनवर पळालो. भुसावळ पॅसेंजर निघून गेली होती.

(योगिता उठते. मग कपाटातून वही आणून त्यांच्या मांडीवर ठेवते.)

योगिता: वाचा.

आप्पा: तुला काय करायचंय...

योगिता: या रेघा मला येत नाहीत. तुम्हीच वाचा. त्यांच्या शब्दांत.

आप्पा: 'लाईट गयेल व्हती, साहेब. अंधारं व्हतं. दोन जण पयनात, पाठ दिसनी. मी तोंड नही दखं. लखन व्हता का नही, मी कशी सांगू? मन्हा देव मन्हा संगे शे, मी खोटं नही बोलाव.'

योगिता: आणि खाली?

आप्पा: खाली काही नाही. ती ओळ मी लिहिलेली नाही.

योगिता: ...पेन द्या. अर्ज गुजरातीत लागेल ना?

आप्पा: गुजरातीतच. तू सांग, मी लिहितो.

योगिता: नको. मीच लिहिते. पण आप्पा, सुरुवात कुठून करू?

आप्पा: लाईट गेली तिथून. मी वेळेवर बोललो नाही, म्हणून ती गाडीत बसली. तुझ्या नावाच्या वर माझं नाव घाल. मी मागच्या बाकावर होतो, हे स्पष्ट लिही.

योगिता: लिहिते. आणि सरलाबाईंनी पुन्हा गल्लीत पाऊल टाकलंच नाही तर?

आप्पा: बहुधा नाहीच टाकणार. म्हणून एवढंच मागतो, पोरी. कोर्टात, नाहीतर दुसऱ्या कुठल्या कचेरीत, जिथे बसशील तिथे त्या शेवटच्या ओळीपाशी आलीस की सरलाबाईला आठव. अंगठा देऊन ती दारात थोडा वेळ थांबली होती.