मावशीचा फोटो

तू विचारतोस ना, मी फोटोवर वार्निशचा स्प्रे का मारतो? ऐक.

धसईच्या अनुसयामावशी माझ्या मुरबाडच्या दुकानात एकच फोटो तिसऱ्यांदा छापायला आल्या. त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचा. सदरा, टोपी, मागचा पडदा, सगळं जिथल्या तिथं. फक्त चेहरा पुसट. ओल असती, ऊन असतं, तर अख्खा फोटो उडाला असता. मला कोडंच पडलं.

"मावशी, चेहऱ्याला काय करता?"

"रोज सकाली पुसते रे, ओल्या फडक्यानं."

प्रिंटरची शाई ती, पाण्यानं उतरणारच. म्हटलं, "काच बसवून देतो."

"काच नको. हे वरीसभर अंथरुणाला होते, तवा मीच तोंड पुसायची. काचेवरनं त्यांना काय लागनार?"

नवीन प्रिंट काढली, दिवसभर सुकवली, मग स्प्रेचे तीन पातळ हात दिले, प्रत्येक हात वाळवून. आधी एका वाया गेलेल्या प्रिंटवर ओलं फडकं घासून पाहिलं होतं, तरी मावशी आल्या तेव्हा फोटो हातात देऊन मी जवळच उभा राहिलो.

त्यांनी माझ्या तांब्यात पदराचं टोक बुडवलं. कपाळ पुसलं, गाल पुसले, कानामागंही. मी पदराकडंच बघत होतो. पांढरा तो पांढराच.

"मावशी, रंग नाय सुटला!"

त्यांचं लक्षच नव्हतं. फोटोवर वाकून त्या हळूच म्हणाल्या, "हनुवटी वर करा जरा."