टोळीला एक फासा

उमापुरात टँकरची वाट बघत केशरबाई रांगेत बसल्या होत्या. वीस वर्षं त्यांनी मुकादम म्हणून सहकारी साखर कारखान्याला ऊसतोडीच्या टोळ्या नेल्या होत्या. त्यांच्या पुढं सोसायटीचा गटसचिव गहिनीनाथ मोबाईल दुकानवाल्या मोहनशी बोलत होता.

"या रविवारी चार हजार मानसं मारायचीत."

"मागच्या रविवारी मी नव्हतो. किती मेली बे?"

"एकोणीस. दिवसभर फासे टाकले. खेळनारे चौघं जेवायला गेले ते आलेच न्हाईत. आता लढाई उरकली न्हाई तर खेळ मोडला."

केशरबाई दचकल्या. "कुनाला मारता रे?"

"कागदावरल्या फौजेला, मावशी," मोहन म्हणाला. "गहिनीनाथ गोष्ट सांगतो, आमी एकेक जन सरदार बनतो. वार बसला का न्हाई, ते फासा ठरवतो."

"मग एकेका शिपायाला फासा कावून? आमी उसाच्या फडात तोडनारी मानसं एकेक कोयता करून मोजली न्हाईत. वीस जनांची एक टोळी, टोळीला एक फासा."

"आन टोळी हरली तर?" गहिनीनाथनं विचारलं.

"निम्मी पळाली म्हनायचं. मानसं मरत बसत न्हाईत, पळत्यात."

"आन सरदार?"

"मुकादमाला येगळा फासा द्यायचा. न्हाई तर रुसतो."

गहिनीनाथनं हे मोबाईलमध्ये लिहून घेतलं. "मावशी, रविवारी येता का? शत्रूला सेनापती न्हाई."

रविवारी केशरबाई गेल्या. रणांगणावरची एकुलती एक विहीर धरा, हाच त्यांचा पहिला हुकूम. तासाभरात दोन्हीकडची फौज घागरी घेऊन त्यांच्याकडं आली.

"मावशी, आता आमी लढायचं कुनाशी?" मोहननं विचारलं.

"लढायचं कशाला? चार हजार कोयते झाले. फड कुठं हाय, ते सांगा."