गैरहजर मुलांमागे गेलेले टेंभरे सर

काकू, गावातली मंडळी, आणि समोर बसलेल्या माझ्या मुलांनो,

मला बोलता येत नाही. त्यात वनरक्षक दादांनी सांगितलं आहे, दिवस बुडायच्या आत सगळ्यांनी घरी जायचं. म्हणून थोडंच बोलतो.

मी गोंदियाचा. डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी कापडाचं दुकान. बाबा म्हणायचे, "मास्टर बनके क्या करेगा? गल्ले पे बैठ." मी बसणारच होतो. मागच्या वर्षी टेंभरे सर आमच्या कॉलेजात बोलायला आले. आम्ही मागच्या बाकांवर मोबाईल पाहत होतो. सरांनी भाषण केलंच नाही. विचारलं, "तुमच्या वर्गात आज कोण नाही आलं?" कोणाला सांगता येईना. एक जण म्हणाला, "सर, जो नाही आला तो हात वर कसा करेल?" सगळे हसले. सरही हसले. मग म्हणाले, "जो आला त्याले कोणीबी शिकवते गा. जो नाही आला, त्याच्या मागं जाशीन का?"

मंडळी, त्या प्रश्नावर मी शिक्षक व्हायचं ठरवलं. सराव पाठांसाठी सरांची ही शाळा मागून घेतली.

इथे आलो तेव्हा मोहाची फुलं पडायला लागली होती. तुम्हाला मी काय सांगू? पहाटे घरंच्या घरं फुलं वेचायला जंगलात. पोरंही. सातला शाळा भरायची आणि अर्धा वर्ग रिकामा. मग सर मोहाच्या झाडांकडे निघायचे. जाताना मोठ्याने एकेकाचं नाव घ्यायचे. मी विचारलं, इतकं ओरडता कशाला? म्हणाले, "आवाजानं पोट्टे बाहेर येतेत, अन् आवाजानंच जनावर दूर जाते."

मंगळवारी हजेरी मी घेतली. "सर, चार जण नाहीत." मीच सांगितलं. आदल्या दिवशी नाल्याच्या रेतीत वाघाचे पंजे उमटलेले दिसले होते. मी विचारलं, सोबत येऊ का? सर म्हणाले, "तू वर्ग सांभाळ."

आणि मला बरं वाटलं. काकू, तुमचा माणूस गेला, म्हणून हे तुम्हाला सांगायचं होतं. मला बरं वाटलं.

सरांचा आवाज वर्गापर्यंत येत होता. एक नाव. दुसरं. तिसरं. चौथं आलं नाही. मी वाट पाहिली. मुलांनीही पाहिली. चौथं नाव आलंच नाही.

वाघाने सरांना वाटेतच गाठलं होतं. तीन मुलं धावत शाळेत आली. चौथ्या मुलीला तिच्या आईने झाडाखालून उचलून आणलं. तिचं नाव मी घेत नाही, ती इथेच आहे. काल तिच्या घरी गेलो होतो. दाराआडून म्हणाली, "सर माह्यासाठीच येऊन राहिले होते न?" खोटं कसं बोलू? म्हटलं, हो, तुझ्यासाठी येत होते. तू वर्गात हवी होतीस म्हणून.

गावात कोणी म्हणतं, त्या पोरीपायी सर गेले. असं म्हणू नका. हात जोडतो. ती ऐकते.

तिची आई मला म्हणाली, "उद्याबी जा लागन मास्तर. मोह का थांबते?" खरं आहे. मोहावर घर चालतं. तुम्हाला जाऊ नका म्हणणारा मी कोण? पण वाघ अजून सापडलेला नाही. पिंजरा लावला, तो रिकामा आहे. आज सकाळी पंजे हातपंपापाशी होते. शाळेच्या मागे. मुलांची पाणी प्यायची जागा आहे ती.

पोरांना नेऊ नका. एवढंच मागतो. उद्यापासून मी शाळा पहाटे पाचला उघडतो. जंगलात निघताना पोरं माझ्याकडे सोडा. झोपलेली असली तर उचलून आणा. बाबांचा फोन येतो, "अभी के अभी घर आ." मी जाणार नाही. भीती वाटते मला. पण कोणाचं पोर आलं नाही तर मी तुमच्या दारात येईन.

आता सरांसाठी दोन मिनिटं उभे राहू या. कोणी बोलू नका. मुलांना मधे घ्या. मोठ्यांनी भोवती कडं करा, आणि तोंडं जंगलाकडे ठेवा.