झाकणावरची अक्षरं

ताई : काका, प्रयोगशाळेची भांडी धुणं राहू दे. इकडे या. ह्या डिशवर काय लिहिलंय, वाचा बरं.

काका : 'लेप'. तुमचंच अक्षर आहे.

ताई : आणि हिच्यावर?

काका : 'साधी'.

ताई : मग मी वेडी झाले, की पेशी? लेप दिलेल्या नळीच्या तुकड्याला एकही धरून नाही. सगळ्या गोल होऊन तरंगतायत. आणि साध्या तुकड्यावर, ह्या सूक्ष्मदर्शकातून बघा, कशा ऐसपैस पसरल्यात!

काका : बघू... मला तर दोन्हीकडे ठिपकेच दिसतात.

ताई : अहो, ह्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी. आपली कृत्रिम रक्तवाहिनीची नळी गुळगुळीत, तिला त्या चिकटत नाहीत, म्हणून तर लेप द्यायचा. आणि त्या चिकटल्या नाहीत तर...

काका : नळीत रक्त गोठतं. ते मला नका सांगू, ताई. घरी बायकोचं बघतोय.

ताई : तीन वेळा लेपावरच चिकटल्या होत्या! आज उलटं कसं? उद्या सकाळी सर लेपाच्या नळ्या पुढच्या चाचणीला पाठवतायत.

काका : लेप शिळा असेल.

ताई : परवाच बनवला.

काका : मग पेशी ठेवायची पेटी जास्त तापली असेल.

ताई : बरोबर सदतीस आहे. डोकं नुसतं चक्रावलंय. सकाळी डिश पेटीतून तुम्हीच काढल्यात ना?

काका : मीच. झाकणांवर वाफ धरली होती. त्यातून नीट दिसत नाही म्हणून तुम्ही कुरकुरता ना? म्हणून पुसून ठेवली. हातमोजे घालून हां, तुम्ही शिकवलं तसं.

ताई : दोन्ही झाकणं एकदम काढलीत?

काका : एकदम. का?

ताई : नाव मी झाकणावर लिहिलंय, काका. डिशवर नाही.



काका : म्हणजे अदलाबदल झाली! मग चांगलंच की. चिकटल्यात त्या लेपावरच.

ताई : असेल. नसेलही. आधीच्या तीन वेळी पुसली होतीत?

काका : पुसली... दर वेळी नाही. दुसऱ्या वेळी नव्हती बहुतेक. की तिसऱ्या?

ताई : आठवा ना!

काका : आठवायला जावं तसा घोळ वाढतोय.

ताई : म्हणजे पेशी कशाला चिकटतात, हेच मला माहीत नाही. तीन महिने मी नुसती झाकणं वाचत होते.

काका : सरांना माझं नाव सांगा.

ताई : तुमचं कशाला? डिशच्या बुडाशी लिहायचं, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं. मलाच कंटाळा. आत्ताच सांगते त्यांना, नळ्या थांबवा म्हणून. सगळं पहिल्यापासून करू.

काका : किती दिवस लागतील?

ताई : तीन महिने तरी. काका, असे खाली का बसलात?

काका : काल बायकोला सांगून बसलोय. म्हटलं, तुझ्या पायातली नळी बंद पडली तर पडू दे, आमच्या ताईंची जमली.

ताई : अहो काका! जमली तरी माणसाच्या पायात जायला कितीतरी वर्षं जातील.

काका : ते नाही सांगितलं. सहा महिन्यांत काल पहिल्यांदा हसली. म्हणाली, मग मी जिना कधी उतरायचा?

ताई : तुम्ही काय म्हणालात?

काका : म्हटलं, ताईंना विचारून सांगतो.