राणीची काकणां

सुमंगला : ओढू नको रे शिवदास! माझो हात असा तो, बैलाचां दावां न्हय!

शिवदास : ओढूक नाय, वैनी. आंगठो आत घेतंय. चाळीस वर्सां पेडण्यात काकणां भरतंय, असो हात बघूक नाय. ही कातडी काय पत्रो?

आनंदी : काका, आईला आजार आहे. कातडी घट्ट होत जाते, मूठ वळत नाही.

शिवदास : आणि बोटांर हे तांदूळ कसले?

आनंदी : कॅल्शियम. त्या आजारातच बोटांत असे खडे धरतात.

सुमंगला : हाडांका होया थंय जायना, बोटांत येवन बसता. आमच्या भावकीसारख्या! काम मांडवात, सगळे ओसरीर!

शिवदास : अगे, ह्यो एक फुटलो. चुनो येता!

सुमंगला : मगे पान काढ. लावन दितंय.

आनंदी : शी, आई! थांब, कापूस आणते.

सुमंगला : हसवू नका रे, तोंड पण घट्ट झालां, फाटतला!

(आनंदी बोट पुसून पट्टी बांधते.)

शिवदास : पुरे, वैनी. माझी सगळ्यात मोठी बायलांची काकणां पण अडाकली.

सुमंगला : रवांदी. तीन वर्सां मोकळ्या हातान फिरतंय. उद्या मी मांडवात येवचंय नाय. कारापूरची विहीण विचारतली, हिचो घोव खंय गेलो?

आनंदी : बाबा बाहेर खुर्च्या मांडतायत, ऐकतील! आणि तू नाहीस तर मी बोहल्यावर चढत नाही.

शिवदास : रवा गे. पेटयेच्या तळाक एक डझन असा. पण ती राणीची.

आनंदी : कुठल्या राणीची?

शिवदास : दशावतारातल्या. आमचो गुरुदास! दिसाक खाणीचो ट्रक चालवता, नाटकाक साडी नेसता. हात म्हणशात तर फावडो! त्याच्यासाठी मुद्दाम हाडलंय.

सुमंगला : माका दादल्याची काकणां?

शिवदास : दादल्याची खंय? राणीची म्हटलंय मां! हात सैल सोडा... ही बघा!

आनंदी : गेलं! आई, खड्यांवरून अलगद गेलं!

सुमंगला : घाल रे, सगळी घाल! पण गुरुदासाचां काय?

शिवदास : परवा नाटक असा. राणी वनवासाक जाता, जायत मोकळ्या हातान!

सुमंगला : त्याका उद्या जेवणाक बोलव. साडी नेसान येव म्हण!

(ती उजवा हात हलवून बघते; काकणं किणकिणतात.)

आनंदी : आई, मी सासरी गेले की फोन ह्याच हातात धर हां.

सुमंगला : कित्याक गे? माका डाव्या कानान बरां आयकाक येता.

आनंदी : तुला नव्हे. मला ऐकायचंय.